मेंदूला मार लागल्यानंतर घरी : रुग्णाची झोप आणि प्रतिकारशक्ती कशी सांभाळावी

अपघातात दादाच्या डोक्याला जबर मार लागला आणि तो महिन्याभराने घरी आला, तेव्हा रात्री दोन वाजता तो टक्क जागा असे आणि दुपारी तोंडात घास असतानाच पेंगू लागे. आम्ही तो हट्ट समजून त्याच्यावर रागावलो, ते चुकलेच. ज्यांच्या घरी आज असा रुग्ण आहे, त्यांनी तरी ही चूक करू नये.

दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे 20,000 चेतापेशींचा पुंजका असतो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून ते वेळ जुळवते आणि रात्री झोपेची वेळ कळवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक केव्हा स्रवायचे, पहाटे शरीराला जागे करणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक केव्हा वाढवायचे, हे ठरवते. दुखापतीने हा पुंजका किंवा त्याचे जोडमार्ग बिघडू शकतात, आणि त्यात अतिदक्षता विभागातल्या अहोरात्र जळणाऱ्या दिव्यांची भर पडते. प्रतिकारशक्तीची तारही मेंदूशीच जुळलेली आहे. जखमी मेंदूच्या आत दाह भडकलेला असताना, ताणाची संप्रेरके आणि चेतासंस्थेचे संदेश यांमुळे उरलेल्या शरीरातील लिम्फोसाइट पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मात्र कमी होतात. पक्षाघातातही मेंदूला इजा होऊन असेच घडते, आणि त्यानंतर सुमारे 10 टक्के रुग्णांना न्यूमोनिया होतो, त्यामागे हेही एक कारण असते. पांढऱ्या पेशींची रक्तातील ये-जासुद्धा याच घड्याळाच्या तालावर चालते, त्यामुळे झोप आणि संसर्ग यांची काळजी एकत्रच घ्यावी लागते.

सुरुवात सकाळपासून करावी. रात्र कशीही गेली असली तरी उठण्याची वेळ शक्यतो तीच ठेवावी आणि उठल्यावर तासाभराच्या आत रुग्णाला अर्धा तास गॅलरीत किंवा अंगणात बसवावे. ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी प्रखर असतो. उजेडाने डोके दुखत असेल तर टोपी घालून सावलीत बसवावे. पहिल्या काही आठवड्यांत मेंदूला जास्त झोप लागते, ती निष्ठुरपणे तोडू नये. पुढे मात्र दुपारची डुलकी तीनच्या आत आणि अर्ध्या तासावर आणावी. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, संध्याकाळी दिवे मंद करावेत आणि निजण्यापूर्वी तासभर टीव्ही व मोबाइल बंद ठेवावा. रात्रीच्या औषधांच्या वेळा एकत्र आणता येतील का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. झोपेची गोळी किंवा मेलाटोनिन स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये, कारण झोपेच्या काही गोळ्यांनी गोंधळलेपणा वाढतो आणि तोल जातो.

भरवताना रुग्ण पूर्ण जागा आणि ताठ बसलेला हवा. पेंगत असेल तर ताट बाजूला ठेवावे, कारण अन्न श्वासनलिकेत गेले की न्यूमोनियाला वाट मिळते. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. दोन वेळा दात घासून तोंड स्वच्छ ठेवावे; तोंडातले जंतूच फुप्फुसात उतरतात. लघवीची नळी असल्यास पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी. भेटायला येणाऱ्या आप्तांना सर्दी-खोकला असेल, तर वाईटपणा घेऊनही त्यांना दारातूनच परत पाठवावे. आम्ही भिडेपोटी हे केले नाही आणि दादाला पुन्हा दवाखान्यात न्यावे लागले. फ्लूची आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची) लस केव्हा द्यावी, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

शरीराचे तापमान संध्याकाळी मुळातच थोडे वाढते, म्हणून ते रोज ठरावीक वेळीच मोजावे. 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक भरल्यास डॉक्टरांना कळवावे. मात्र तापाविनाही संसर्ग असू शकतो. अचानक वाढलेला गोंधळ, जलद श्वास, अन्नावरची वासना उडणे, ही त्याची खूण असते. वाढत जाणारी गुंगी, वारंवार उलट्या, झटके, वाढती डोकेदुखी किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्यांच्या आकारात फरक दिसला, तर सकाळची वाट न पाहता 108 वर फोन करावा.

एक साधी वही उशाशी ठेवावी. झोप केव्हा लागली, जाग कितीदा आली, उन्हात किती वेळ बसला, ताप किती होता, एवढेच तिच्यात लिहावे. डॉक्टर विचारतात, "झोप कशी आहे?" आणि आपण "बरी आहे" म्हणून मोकळे होतो. आम्ही 14 दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या, तेव्हा झटक्यांच्या गोळीनंतर दादाला दुपारी गुंगी येते हे पहिल्यांदा डॉक्टरांच्या लक्षात आले आणि त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली.