कोटिंग कलरमध्ये थिकनर टाकताना या चुका टाळा

आर्ट पेपर असो की डुप्लेक्स बोर्ड, त्यावर कोटिंग कलर लावतात, म्हणजे पिगमेंटची बारीक पांढरी पूड, ती धरून ठेवणारा बाइंडर आणि पाणी यांचं मिश्रण, आणि जादाचा कलर ब्लेडने खरवडून काढतात. त्या ब्लेडला रेषा पडायला लागल्या की पहिला हात जातो थिकनरच्या कॅनकडे नाहीतर पाण्याच्या पाइपकडे, आणि निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात. माझं सरळ मत आहे, थिकनर हा नुसता कलर घट्ट करायला नसतो, त्याचं मोठं काम म्हणजे कलरमधलं पाणी कलरमध्येच धरून ठेवणं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सिंथेटिक थिकनर कॅनमधून थेट कलरमध्ये ओतणं. आमच्याकडे एकदा नाइट शिफ्टला हेच झालं, व्हिस्कॉसिटी म्हणजे कलरचा घट्टपणा कमी आला म्हणून घाईघाईत तसाच ओतला आणि अर्ध्या तासात कलर गाळायची स्क्रीन चोक, झाकण उघडून बघतो तर जाळीवर साबुदाण्यासारखे चिकट दाणे, बोटात धरले तर घसरतात पण फुटत नाहीत. कारण साधं आहे, हे अॅक्रेलिक थिकनर कॅनमध्ये आम्ल असतात म्हणून दुधासारखे पातळ दिसतात, अल्कली लागली की फुगतात. कलरचा पीएच साडेआठ-नऊ, मग थेंब बाहेरून लगेच फुगतो आणि आत तसाच अडकतो, पिठल्यात बेसन एकदम टाकल्यावर होतं ना, तसं. आधी पाणी घालून पातळ करा, अॅजिटेटर म्हणजे ढवळणी चालू ठेवून बारीक धारेने सोडा, शक्यतो लेटेक्स (बाइंडर) वगैरे सगळं पडल्यावर शेवटी, आणि पीएच परत तपासा कारण तो थोडा उतरतो.

सीएमसी, म्हणजे सेल्युलोजपासून बनणारा थिकनर, त्याच्या पावडरचंही तेच, ढवळताना पडणाऱ्या भोवऱ्यात हळूहळू भुरभुरायची, आणि पावसाळ्यात उघडी पोती ठेवू नका.

दुसरी चूक, व्हिस्कॉसिटी मोजायच्या नुसत्या ब्रुकफील्ड मीटरवर विश्वास. १०० आरपीएमला आकडा बरोबर आला म्हणजे कलर बरोबर असं नाही, कारण ब्लेडखाली शिअर, म्हणजे कलर घासला-ताणला जाण्याचा वेग, त्याच्या हजारो पट असतो आणि तिथे तोच कलर वेगळा वागतो. वॉटर रिटेन्शन, म्हणजे कलर पाणी किती धरून ठेवतो, ते मोजा, मेम्ब्रेनखाली वजन केलेला ब्लॉटिंग पेपर ठेवून वरून हवेचा दाब द्यायचा आणि पेपरने किती पाणी ओढलं ते बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे. ते नसेल तर निदान ब्लेडकडून टाकीत परत येणाऱ्या कलरचे सॉलिड्स, म्हणजे त्यातल्या घन भागाचं प्रमाण, तासातासाला घ्या. व्हिस्कॉसिटी चढतेय आणि सॉलिड्सही चढतायत, तर बेस पेपर पाणी पितोय हे समजा. अशावेळी पाणी मारलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण ड्रायरवर लोड वाढतो, बाइंडर पाण्याबरोबर हलतो आणि मग प्रिंटरकडून मॉटलची तक्रार येते, शाई ढगाळ दिसते म्हणून.

उलट डोस जास्त झाला तरी त्रासच, ब्लेडचं प्रेशर वाढवत न्यावं लागतं, ब्लेडच्या टोकाला कलर साचून सुकतो, त्याच्या रेषा पडतात. सीएमसी जास्त झाला की पिगमेंटचे कण एकमेकांना चिकटून गुच्छ होतात आणि ग्लॉस खाली येतो. साधारणपणे १०० भाग पिगमेंटला अर्धा ते एक भाग सीएमसी पुरतो, सिंथेटिक त्याहूनही कमी.

खर्च वाचवायला सीएमसी पूर्ण काढून सिंथेटिक लावणारेही असतात. व्हिस्कॉसिटी जुळते, पण ब्राइटनेस पडतो आणि कुणालाच कळत नाही का. ऑप्टिकल ब्राइटनरला, म्हणजे कागद जास्त पांढरा दाखवणाऱ्या रसायनाला, धरून ठेवायचं कामही सीएमसी करत असतो, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) करतो, बहुतेक सिंथेटिक तितकं करत नाहीत.

आणि उन्हाळ्यात शनिवारी बनवलेलं सीएमसीचं सोल्युशन सोमवारी पातळ झालेलं दिसलं तर त्यात आणखी पावडर टाकू नका. जंतूंच्या एन्झाइमने साखळ्या तुटलेल्या असतात, नवीन पावडरही तसेच खाऊन टाकतील. आधी वास घ्या, आंबूस असेल तर टाकी रिकामी करा, पाइपलाइनसकट धुवा, बायोसाइडचा (जंतुनाशकाचा) डोस बघा आणि नवा लॉट बनवा.