तापीकाठी गळ टाकायला बसताना

पहिल्या तीन खेपांना गळ घरीच ठेवा. रिकाम्या हाताने नदीवर जा, एका जागी तासभर बसा आणि नुसतं पाणी बघा. मला हे आबांनी शिकवलं, म्हणजे आईच्या वडिलांनी, सारंगखेड्याला. मी आठ वर्षांचा होतो, काठी हातात द्या म्हणून हट्ट करायचो, आणि ते तापीच्या दरडीवर मला शेजारी बसवून म्हणायचे, "गप बठ. मासाले कान शेतस." म्हणजे गप बस, माशाला कान असतात. पाय आपटला की त्याचा हादरा दरडीतून पाण्यात जातो आणि काठचा मासा आत सरकतो, हे पुढे स्वतः अनुभवलं. आज चौसष्टी उलटली. भुसावळला रेल्वेत फिटर होतो, रात्रपाळी संपवून घरी न जाता सरळ नदीवर गेलेल्या सकाळी किती, त्याचा हिशेब नाही.

पाण्यात बघायचं काय, ते सांगतो. एकाच जागी मोठा बुडबुडा आला तर तळाचा पाला कुजतोय. पण बारीक बुडबुड्यांची रांग उठत उठत पुढे सरकत असेल, तर खाली मृगळ चिखल हुंगत चाललाय. गवताच्या कडेला 'डुब्' आवाज करून पाणी फुटलं आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच फुटलं, तर मरळ. तिला कल्ल्यांखेरीज वरची हवाही लागते, म्हणून ती श्वास घ्यायला वर येते. नाल्याचं पाणी नदीला मिळतं ती जागा, वेगाचं आणि संथ पाणी एकमेकांना घासतं ती रेघ, पाण्यावर वाकलेलं उंबराचं झाड, या तीन जागा मनात टिपून ठेवा. पिकलं उंबर पाण्यात पडलं की मासा त्यावर येतो. माझ्या लहानपणी तापीला उन्हाळ्यात वेगवेगळे डोह उरायचे. आता सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजमुळे लांबवर पाणी तुंबलेलं असतं. अशा पाण्यात जुने नाले कुठे बुडालेत ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मासा अजून त्याच वाटेने फिरतो.

आता काठी. दुकानात रीळवाली मिळते, माझ्याकडेही आहे, पण शिकायचं ते बांबूवर. सातपुड्यातला भरीव, दहा-बारा फुटांचा बांबू घ्या, थंडीत तोडलेला. पावसाळ्यातला बांबू भुंगा लवकर पोखरतो. महिनाभर सावलीत आडवा वाळवा, वाकडा असेल तिथे निखाऱ्यावर हलकं शेकून सरळ करा आणि जवसाचं तेल चोळा. जवसाचं तेल सुकून कडक होतं, पाणी आत जात नाही. माझी एक काठी अशी एकवीस वर्षं टिकली.

दोरा म्हणजे तंगूस, नायलॉनचा एकपदरी दोरा. किलो-दीड किलोच्या रोहूला 0.30 मिलिमीटरची पुरते. दरवर्षी दिवाळीनंतर नवी घ्या, उन्हाने जुनी तंगूस ठिसूळ होते. गळाचा नंबर जसा वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणून 8 नंबरने सुरुवात करा. गळ बारीक कानशीने टोकाकडे दोन-तीनदा घासा आणि अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढा. घसरला तर बोथट आहे, नखात रुतला तर ठीक. हे फिटरचं खूळ नाही, बोथट गळाने मी जेवढे मासे घालवलेत तेवढे दुसऱ्या कशाने नाहीत.

गाठ मात्र जीव लावून शिका. तंगूस गळाच्या नाकातून ओवा, मोकळं टोक मुख्य दोऱ्याभोवती सहा वेळा गुंडाळा, मग नाकाजवळच्या पहिल्या फटीतून ते टोक बाहेर काढा. आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. 1983 च्या थंडीत, तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर माझा एक कटला असाच गेला. दोरा वर आला तेव्हा त्याचं टोक कुरळं झालं होतं, म्हणजे तुटला नव्हता, गाठ सुटली होती. ती घाईघाईत कोरडीच मारली होती. त्या कटल्याचं डोकं मला अजून दिसतं.

पाण्यावर तरंगणारी काडी घरीच बनते. ज्वारीच्या जाड धांड्याची साल काढा, आतल्या भेंडाचा चार बोटांचा तुकडा घ्या आणि वितळलेल्या मेणबत्तीत बुडवा, नाहीतर तो पाणी पितो. गळापासून वीतभर वर शिशाचा मणी चिमटा. काडी सरळ उभी राहून फक्त टोक दिसेल एवढंच वजन हवं. पाणी किती खोल आहे ते मोजायला गळाला मोठं शिसं लावून सोडा आणि काडी वर-खाली सरकवत बघा. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाला. ज्याच्यासाठी बसलात त्याच्या थरात आमिष हवं.

आमिषात आपल्या खान्देशासारखी सोय कुठे नसेल. दोन मुठी कणीक, एक मूठ भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड, त्यात रावेरकडचं अर्धं केळं, सालीवर काळे ठिपके पडलेलं. पाणी जवळजवळ लागतच नाही. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळा आणि शेवटी बोंडातून काढलेल्या कापसाचे तंतू पिंजून त्यात मिसळा. साध्या कणकेचा गोळा पाण्यात दहा मिनिटांत विरघळतो, लहान मासे तो चोचावून संपवतात. कापसाचे तंतू असले की तो गळाला धरून राहतो. गोळी बोराएवढी करा आणि गळाचं टोक किंचित उघडं ठेवा. आदल्या दोन दिवशी त्याच वेळी, त्याच जागी भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचे लिंबाएवढे चार-पाच गोळे टाकून आलात तर मासा तिथे यायला शिकतो. वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, हवी असेल तर गांडूळ लावा, तिन्हीसांजेनंतर, दगडांच्या कपारीशी.

थंडीत ऊन वर आल्यावर बसा, दहा ते तीन. चैत्र-वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी जाऊ नका. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मासा खोल जाऊन गप्प पडतो. पहाटे किंवा सूर्य बुडाल्यावर जा. आषाढ-श्रावणात माझ्या काठ्या माळ्यावर असतात. तेव्हा रोहू-कटल्यांच्या पोटात अंडी असतात. आणि नदीचाही भरवसा नसतो. एकदा ऐन भादव्यात मी पात्रातल्या खडकावर बसलो होतो, डोक्यावर ऊन होतं. पाऊस पडत होता वर, तापीच्या उगमाशी मुलताईकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात. पायाला पाणी लागलं तेव्हा कळलं. काठी, डबा सगळं टाकून कमरेएवढ्या पाण्यातून काठ गाठला. हतनूरला 41 दरवाजे आहेत. ते उघडण्याचा इशारा असेल त्या दिवशी खालच्या अंगाला पात्रात पाऊलही टाकू नका.

काडी हलली की लगेच ओढू नका. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, काडी थरथरवते. रोहू दोनदा टिचकी मारतो आणि मग काडी तिरकी खाली नेतो, तेव्हा ओढा. मृगळ तळातून आमिष उचलतो, शिशाचा भार जातो आणि काडी वर येऊन आडवी पडते. नवखा माणूस इथेच फसतो, काडी बुडण्याची वाट बघत बसतो. कटला फार हळू खातो, काडी नुसती श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते. झटका मनगटाचा द्यायचा, खांद्याचा नाही. मासा लागला की काठी उभी धरा, तो पळेल तिकडे झुकू द्या, बांबू वाकून त्याला दमवतो. डोकं पाण्याबाहेर निघून त्याने एकदा हवा गिळली की तो सैल होतो, मग जाळीत डोक्याकडून घ्या. शिंगाडा, म्हणजे मिशांचा काटेरी मासा, असेल तर हात लावू नका. पाठीवरच्या आणि कल्ल्यामागच्या काट्याने बोट आठवडाभर ठणकतं.

कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीपेक्षा छोटा रोहू मी सोडतो. हात आधी ओले करायचे, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा पुढे सडतो. मरळीची तांबूस पिल्लं घोळक्याने वर फिरताना दिसली तर तिथे गळ टाकूच नका. आईबाप खालीच राखण करत असतात, ते उचलले तर सगळा घोळका दिवसभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. धरणावर बसण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेच्या माणसांना विचारा. तलाव त्यांनी ठेक्याने घेतलेला असतो, बीज त्यांनी सोडलेलं असतं. मला विचारल्यावर कोणी नाही म्हटलेलं आठवत नाही. उलट कुठे बसावं ते दाखवतात.

तुटलेली तंगूस वीतभरच असली तरी खिशात घाला. हतनूरला थंडीत पक्षी उतरतात. एका बगळ्याच्या पायाला तंगूस इतकी आवळली होती की पाय काळा पडला होता. आम्ही दोघांनी त्याला धरून ती कापली, तो उडाला, पण तो पाय लोंबतच होता. तेव्हापासून माझ्या पिशवीत झाकणाचा एक डबा असतो, दुसऱ्यांनी टाकलेली तंगूसही त्यात जाते.

घरी आल्यावर मासा साफ करताना पित्ताची हिरवी पिशवी फोडू नका, फुटली तर अख्खा मासा कडू. रोहूच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवा. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळपट भाजून वाटा, आपला काळा मसाला घाला, रस्सा उकळला की तुकडे सोडा आणि नंतर पळी घालू नका, पातेलं हलवा. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. आबांच्या घरी पहिला तुकडा मासा काढणाऱ्याच्या ताटात पडायचा. मागच्या पौषात तो माझ्या नातीच्या ताटात पडला. चिलापी होती, पावशेराची.