गाडीला फॉग लॅम्प बसवताय? वायरिंगच्या या चुका टाळा

दिवाळी झाली की आपल्याकडच्या ॲक्सेसरीच्या दुकानांत फॉग लॅम्पची विचारणा वाढते. कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं असतं आणि रात्री रस्त्यावर मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर अशा उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. हिवाळ्यात गोदाकाठाला पहाटे धुकं उतरतं. पावसाळ्यात कन्नडचा औट्रम घाट भर दिवसाही ढगात बुडतो. त्यामुळे दिवे बसवायचा विचार चुकीचा नाही. बाजारात दिवेही चांगले मिळतात. घोळ होतो तो वायरिंगमध्ये, आणि तोही टाळता येण्यासारखा.

आधी एक बघा. काही मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटमध्येही फॉग लॅम्पचं कंपनीचं वायरिंग बंपरपर्यंत आलेलं असतं. नुसते दिवे आणि स्विच दिलेला नसतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर पुढचं बरंच काम वाचतं. नसेल तर रिलेसह तयार मिळणारं हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला संच, घ्या. रिले म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर चालून दिव्यांचा मोठा करंट जोडणारी छोटी डबी. कंपनीच्या वायरी कापून जोड दिले तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठी चूक: दिव्यांचा भार स्विचवर

55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॅट. 12 व्होल्टच्या हिशेबाने साधारण 9 अँपिअर. "काका, एवढ्याला रिले कशाला? डायरेक्ट देतो, काही होत नाही," असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून रोज 9 अँपिअर नेले की त्याचे आतले पॉइंट जळतात, प्लास्टिक मऊ पडतं आणि एक दिवस स्विच आतल्या आत चिकटून बसतो. मग दिवे बंदच होत नाहीत.

उजेडाचं नुकसान वेगळंच. 0.5 चौरस मिलिमीटरची बारीक वायर बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आणि तिथून परत बंपरपर्यंत फिरवली, तर पाचेक मीटरच्या या वाटेत दीड व्होल्टच्या आसपास संपून जातात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो, त्यामुळे एवढ्यानेच जवळपास एक तृतीयांश उजेड गेलेला असतो. लोक मग बल्बला नावं ठेवतात आणि 100 वॅटचे बल्ब टाकतात. त्याने होल्डर आणि काच दोन्ही तापतात, वायरीवरचा भार दुप्पट होतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

बरोबर वाट अशी: बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, फ्यूजमधून रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 मधून दिव्यांना. 85 आणि 86 या कॉइलच्या, म्हणजे रिले ओढणाऱ्या वेटोळ्याच्या पिना. एकीला स्विचकडून आलेली वायर, दुसरीला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेला गाडीचा पत्रा. कॉइल फार थोडा करंट घेते, अर्ध्या अँपिअरच्याही आत. म्हणून स्विचकडे जाणारी वायर बारीक चालते. दिव्यांची वायर मात्र किमान 1.5 चौरस मिलिमीटरची हवी. लांबी जास्त असेल तर 2.5 ची घ्या.

पाच पिनांच्या रिलेत 87a दिसली तर ती सोडून द्या. ती पिन रिले बंद असताना चालू असते. तिथे दिवे जोडले तर स्विच बंद केल्यावर दिवे लागतात, चालू केल्यावर विझतात. काही रिलेंना 87 च्याच दोन पिना असतात, म्हणून रिलेच्या अंगावर छापलेली आकृती बघूनच वायर लावा. तिथे डायोडचं चिन्ह (त्रिकोण आणि टोकाला रेघ) असेल तर 86 ला प्लस आणि 85 ला अर्थ, उलट नाही.

फ्यूज कुठे, हा प्रश्न कितीचा याहून मोठा

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा उघडाच असतो. तो बॉडीला घासला तर त्याला वाचवणारं मध्ये काहीच नसतं. शॉर्ट झाल्यावर गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर ओकते आणि वायर काही सेकंदांत लाल होते. म्हणून फ्यूज होल्डर बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर, त्याहून लांब नाही. दिव्याजवळ, बंपरमागे बसवलेला फ्यूज असून नसल्यासारखा.

दोन 55 वॅटच्या दिव्यांना 15 अँपिअरचा, निळा फ्यूज पुरतो. एलईडीची जोडी असेल तर खोक्यावरचे वॅट बघा, 12 ने भागा आणि त्याच्या साधारण दीडपट फ्यूज धरा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून हिरवा 30 चा टाकणं किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं म्हणजे बोनेटखाली आग लावायची तयारी आहे. उडणारा फ्यूज तुम्हाला सांगत असतो की कुठेतरी वायर बॉडीला लागलीय. ती जागा शोधा.

स्विचच्या तीन पिना

आत छोटा दिवा असलेल्या स्विचला तीन पिना असतात: येणारा करंट, जाणारा करंट, अर्थ. पिनांवर खुणा असतात, पण घाईत त्या कोणी वाचत नाही. येणारा आणि जाणारा अदलाबदल झाला तर स्विचमधला दिवा कायम पेटलेला राहतो. जाणाऱ्याच्या जागी अर्थ लागला तर स्विच दाबताच फ्यूज उडतो. अर्थच दिला नाही तर फॉग लॅम्प लागतात, पण स्विचमध्ये उजेड येत नाही, आणि दिवे चालू राहिल्याचं कळत नाही.

स्विचला करंट कुठून द्यायचा? थेट बॅटरीवरून देऊ नका. गावात रात्री गाडी लावली आणि दिवे चालू राहिले, तर 35 अँपिअर-अवरची लहान बॅटरी चार तासांच्या आत पार बसते. सेल्फ मारण्याइतकी ताकद तर त्याच्या बरीच आधी जाते. आतल्या फ्यूज बॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच करंट येणारी एखादी जागा टेस्टरने शोधा आणि तिथून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून घ्या. नव्या गाड्यांत हेडलाइटच्या वायरीला टोचून करंट घेतला तर रिले टरटर वाजतो किंवा मीटरवर बल्ब खराब असल्याचा इशारा येतो, कारण त्या वायरीवर गाडीचा कॉम्प्युटर लक्ष ठेवून असतो. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

अर्थ: अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच

एक दिवा जोरात, दुसरा मिणमिणता. फॉग लॅम्प लावले की इंडिकेटर अडखळतो. गाडी खड्ड्यातून गेली की दिवे क्षणभर जातात. अशी लक्षणं दिसली तर बल्ब बदलण्याआधी अर्थ तपासा. बंपर प्लास्टिकचा, त्यामागचा पत्रा रंगवलेला. त्या रंगावरच स्क्रू आवळून अर्थ दिलेला असतो. पहिले काही दिवस स्क्रूच्या आट्यांवर काम चालतं. मग पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथे थापला जातो, ओल धरून ठेवतो आणि गंज चढतो.

जागा निवडताना चेसिसवरचा कंपनीचाच अर्थ बोल्ट असेल तर उत्तम. नसेल तर रुपयाएवढा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूचं कडं) दाबून लावा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत बॅटरीच्या मायनसवर बहुतेकदा सेन्सर असतो. तिथे अर्थ टर्मिनलला न देता चेसिसलाच द्या.

तपासणी पाच मिनिटांची आहे. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन आणि दिवे चालू करा. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन दिव्याच्या अर्थ वायरीला. 0.2 व्होल्टपर्यंत आकडा ठीक, 0.5 च्या वर गेला तर अर्थ खराब. मीटर नसेल तर बॅटरीच्या मायनसवरून एक लांब वायर आणून दिव्याच्या अर्थला टेकवा. उजेड लगेच वाढला तर दोष सापडला.

रिले "टक" वाजतो पण दिवे लागत नाहीत? मग स्विच आणि कॉइल ठीक आहेत. 30 वर करंट येतोय का ते बघा, मग 87 वर, मग दिव्याच्या कनेक्टरवर. जिथे करंट संपला, त्याच्या एक टप्पा मागे दोष. रिले वाजतच नसेल तर 85 आणि 86 कडून सुरुवात करा.

जोड आणि वाट

वायर पिळून वर काळी टेप, हा जोड आपल्या मे महिन्यात टिकत नाही. 42-43 अंशांच्या उन्हात बोनेटखाली टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. दाबलेला क्रिंप जोड आणि त्यावर उष्णतेने आकसून घट्ट बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह घाला. वायर रेडिएटरच्या पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब न्या, कॉर्रुगेटेड पाइपमध्ये घाला, आणि आत नेताना केबिनच्या पत्र्यातल्या भोकाला बसवलेल्या रबरी कड्यातून, म्हणजे ग्रोमेटमधूनच न्या. गाडी शेतातल्या गोठ्याशेजारी किंवा सोयाबीनच्या थप्पीजवळ उभी राहत असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. अधूनमधून बोनेट उघडून बघत चला.

उजेड खाली ठेवा

फॉग लॅम्पचा उजेड रुंद, जवळचा आणि वरून कापलेला असतो. धुक्यात दिसण्याचं कारण रंग नाही, हा कापलेला वरचा काठ आहे. पिवळा उजेड धुकं भेदतो ही समजूत चुकीची आहे, कारण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. दिवे वर उचलले तर समोर पांढरी भिंत उभी राहते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा. भिंतीवरचा उजेडाचा वरचा काठ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली आला पाहिजे. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान असेल तर गाडीचं नाक वर उचललं जातं, म्हणून ज्या भाराने तुम्ही एरवी फिरता त्याच भाराने हे मोजा.

लांबची बिनदिव्याची ट्रॉली फॉग लॅम्प दाखवणार नाही. त्यासाठी वेग कमीच ठेवावा लागतो. धुकं सरलं की फॉग लॅम्प बंद करा, आणि नवं वायरिंग केल्यावर आठवडाभराने दिवे अर्धा तास चालू ठेवून फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक कनेक्टरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर तिथला जोड ढिला आहे, तो उघडून पुन्हा दाबा.