दहावीनंतर प्रायव्हेट शाळेतून सरळ अनुदानित ज्युनिअर कॉलेजला जायचंय? मग हे बघा

सीबीएसई किंवा आयसीएसईच्या महागड्या शाळेतून दहावी झाली, की अकरावी तिथेच करायची का रुईया, वझे, साठ्येसारख्या कॉलेजात, हा प्रश्न मुंबईत घरोघरी असतोच. आधी टार्गेट ठरवा. महाराष्ट्रातलं इंजिनीअरिंग हवं असेल तर स्टेट बोर्डाला यायचा खरा फायदा आहे, कारण एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा, स्टेट बोर्डाच्याच सिलॅबसवर असते, बारावीला 80 टक्के आणि अकरावीला 20 टक्के वेटेज, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि मॅथ्सचा एकेक प्रश्न 2 मार्कांचा, म्हणजे बालभारतीची पुस्तकं कोळून प्यायलेल्या मुलाला इथे नक्कीच बरं पडतं. पण फक्त जेईई (आयआयटी-एनआयटीची प्रवेश परीक्षा) करायची असेल तर एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईवाली पुस्तकं हातातून सोडू नका प्लीज.

अ‍ॅडमिशन ऑनलाइन सेंट्रलाइज्ड असते. पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ बघा, आणि घर बदलापूरला असताना चर्चगेटचं कॉलेज पहिलं टाकू नका, रोजच्या लोकलमध्ये पोरगं पार पिळून निघतं हो. इनहाउस कोटा 10 टक्के असतो, तो त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांना, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांनी तो हिशोबात धरूच नये.

कागदपत्रं मात्र आत्ताच काढा: मार्कशीट, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला), दुसऱ्या बोर्डातून येताय म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना हे एकेक अक्षर लावून तपासा, आणि एलसी कॉलेजात जमा करण्याआधी चार झेरॉक्स काढून ठेवा.