हायरार्की, रँक, क्लास : कुठे काय वापराल?

इंग्रजीत उतरंडीविषयी लिहिताना आधी ठरवा: संपूर्ण रचना सांगायची आहे, की तिच्यातली एक पायरी? रचनेला हायरार्की म्हणतात, तर त्यातल्या एखाद्याच्या अधिकृत स्थानाला रँक. क्लास वेगळा. पैसा, शिक्षण, व्यवसाय यांवरून पडलेला हा थर, त्याचं नेमणूकपत्र कोणी देत नाही. स्ट्रॅटा, म्हणजे थर, हे अनेकवचन. एकाच थराविषयी बोलत असाल तर स्ट्रॅटम.

खरी फसगत होते ती 'रँक अँड फाइल'मध्ये. रँक दिसला की डोळ्यांपुढे अधिकारी येतात, पण अर्थ नेमका उलटा: साधे सैनिक, किंवा संघटनेचे सामान्य सभासद. कवायतीत आडव्या ओळीला रँक आणि एकामागे एक उभ्या असलेल्यांच्या ओळीला फाइल म्हणतात, त्यावरून हा वाक्प्रचार आला.

'पेकिंग ऑर्डर', म्हणजे गटात कोणाचं कोणावर चालतं तो क्रम, मात्र जपून वापरा. कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला चोच मारते, हा क्रम नॉर्वेच्या श्येल्डरुप-एबे या प्राणिशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला, शब्द तिथला. त्यात थोडा टोमणा असतोच. गप्पांत, लेखात शोभतो; कार्यालयाच्या अधिकृत पदरचनेच्या तक्त्यावर तो लिहू नका.