कर्व्हवर समान अंतराने कॉपी मांडताय? या चुका टाळा

रेलिंगचे बार, पथदिवे, साखळीच्या कड्या. एकच वस्तू वळणदार रेषेवर सारख्या अंतराने मांडायची, एवढंच काम असतं. तरी दुरुस्तीला येणाऱ्या फाइलींमध्ये त्याच त्या चुका असतात. इथे ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि त्यातले जिओमेट्री नोड्स (एकमेकांना जोडून काम ठरवायच्या पेट्या) धरून लिहितोय. अशा वळणदार रेषेला त्यात कर्व्ह म्हणतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कर्व्हवरचे पॉइंट समान अंतरावरच असतात असं धरून चालणं. ते तसे नसतात. बेझिए कर्व्हमध्ये (कंट्रोल पॉइंट म्हणजे आकार ठरवणारे बिंदू हलवून वळवायची रेषा) दोन कंट्रोल पॉइंटमधला तुकडा लांब असो की आखूड, त्याचे रिझोल्यूशनच्या आकड्याइतकेच भाग पडतात, डीफॉल्ट 12. एका सहकाऱ्याची वळणदार रॅम्पची फाइल आली होती. वळणावर कंट्रोल पॉइंट खेटून, सरळ भागात मोजकेच, आणि 'रीसॅम्पल कर्व्ह' (कर्व्हवर नव्याने पॉइंट पाडणारा नोड) याचा मोड ठेवलेला 'इव्हॅल्युएटेड', म्हणजे आहेत तेच भाग घ्या. मग काय, वळणावर बारांची दाटी आणि सरळ भागात माणूस आरपार जाईल एवढी फट. कारण शोधायचं सोडून त्याने इन्स्टन्स (मूळ वस्तूला जोडलेल्या कॉपी) रिअलाइज केले, म्हणजे मूळ वस्तूपासून तोडून स्वतंत्र केले, आणि एकेक बार हाताने सरकवत बसला. दुसऱ्या दिवशी रॅम्पचं वळण बदललं आणि सगळी मेहनत पाण्यात गेली.

उपाय एका नोडच्या मोडचा होता: 'इन्स्टन्स ऑन पॉइंट्स'च्या (पॉइंटवर कॉपी मांडणाऱ्या नोडच्या) आधी 'रीसॅम्पल कर्व्ह', मोड 'लेंग्थ' (ठरावीक अंतर) किंवा 'काउंट' (ठरावीक संख्या). मग कर्व्ह कितीही वाकवा, बार आपोआप जागेवर येतात. हाताने सरकवणं हा शॉर्टकट नाही. तेच काम पुन्हा करायची ती तयारी आहे.

'लेंग्थ'मध्ये लिहिलेलं अंतर जसंच्या तसं मिळेल, या भरवशावरही राहू नका. 10 मीटरच्या कर्व्हवर 0.3 दिलं तर 33 भाग पडतात आणि खरं अंतर 0.303 होतं. रेलिंगला चालतं, साखळीला नाही. कड्यांसाठी मी कर्व्हचीच लांबी कडीच्या अंतराच्या पूर्ण पटीत आणतो.

मोजणीचा घोळ: उघड्या कर्व्हवर 20 खांब म्हणजे 19 गाळे (खांबांमधल्या जागा), बंद कर्व्हवर 20.

सगळ्या कॉपी एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतील तर रोटेशन जोडलेलं नाही. 'कर्व्ह टँजंट' (त्या जागी कर्व्हची दिशा) घेऊन 'अलाइन रोटेशन टू व्हेक्टर'मधून द्या. पण चढावर तेवढंच केलं तर बारही चढासोबत कलतात. तिथे पिव्हट (वस्तू ज्या अक्षाभोवती फिरते तो) झेड, म्हणजे उभा अक्ष, ठेवा. खरं मॉडेल लावण्याआधी मी एक बाजू रंगवलेला साधा खोका मांडून बघतो. दिशेची चूक लगेच दिसते. नवशिक्यांना एवढाही धीर नसतो, आणि मग भारी मॉडेल लावलेली फाइल हलेनाशी होते.

अ‍ॅरे (कॉपींची रांग करणारा) आणि कर्व्ह (ती रांग कर्व्हवर वळवणारा) हे मॉडिफायर नोडऐवजी वापरत असाल तर यादीत अ‍ॅरे वर, कर्व्ह खाली. वस्तू आणि कर्व्ह, दोन्ही ऑब्जेक्टचे ओरिजिन (मूळबिंदू) एकाच जागी हवेत आणि स्केल अप्लाय केलेलं (आकार तोच ठेवून स्केल 1 वर आणलेलं) हवं. मेशला (वस्तूच्या जाळीला) पुरेसे लूप कट (आडवे छेद) नसतील तर वस्तू वाकणार नाही, नुसती तिरकी होईल. आणि कर्व्ह मॉडिफायर वस्तूचा आकारच वाकवतो, हे लक्षात ठेवा. पथदिव्यासारखी ताठ वस्तू असेल तर तो वापरूच नका.

तीव्र वळणावर रुंद वस्तू आतल्या बाजूने एकमेकींत घुसतात. तिथे अंतराचा आकडा बरोबरच असतो. वळणाची त्रिज्या वाढवा किंवा वस्तू अरुंद करा.