उन्हाळ्यातला एक अख्खा दिवस: घरची फुलबाग कशी निरखावी

मे महिना लागला की बागवेड्या मैत्रिणींचे फोन सुरू होतात. जास्वंदीच्या कळ्या गळतायत, मोगरा फुलत नाहीये, गुलाबाची पानं कुणीतरी कातरलीयत, औषध कुठलं मारू? माझं उत्तर ठरलेलं असतं. औषध राहू दे, आधी एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं बघ.

हे मी शिकले ते एक जास्वंद गमावून. साधी तांबडी गावठी जास्वंद, आईच्या अंगणातली फांदी आणून पुण्यात गच्चीवर लावलेली. दुपारी दोनला तिची पानं लोंबायची आणि मी बादली घेऊन धावायचे. रोज. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळाली. शेवटी कुंडी उलटी केली तर मुळं काळी, बोटांत धरली की साल निघून यावी इतकी कुजलेली. तहान लागलीय असं समजून मी तिला पाण्यात बुडवून मारलं होतं. एक दिवस तिच्याजवळ बसले असते तर संध्याकाळी तीच पानं आपोआप ताठ होताना दिसली असती.

आदल्या दिवशीची तयारी

सुट्टीचा, निरभ्र दिवस निवडा. एक वही, पेन्सिल, पांढरा कोरा कागद, असलं तर भिंग, आणि जळून उरलेल्या उदबत्तीच्या चार काड्या एवढं जवळ ठेवा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधून घ्या, तो रात्री लागेल. आदल्या संध्याकाळी नेहमीसारखं पाणी घाला, म्हणजे सगळी झाडं सारख्या स्थितीतून सुरुवात करतील. दिवसभर कात्री, फवारा, खत कशालाही हात लावायचा नाही. मला सगळ्यात जड जातं ते हेच.

सकाळी सहा ते नऊ

पहिली फेरी पानांची. पहाटेचं पान खरं बोलतं, कारण रात्रभरात मुळांनी मिळेल तेवढं पाणी वर चढवलेलं असतं. या वेळी जे झाड मलूल दिसेल त्याच्या नावापुढे वहीत फुली मारा.

मग मुंग्या शोधा. जास्वंदीच्या खोडावरून रांग वर चाललेली असेल तर तिच्या मागे मागे नजर न्या. ती बहुतेकदा कोवळ्या शेंड्यापाशी किंवा पानाच्या बगलेत संपते आणि तिथे कापसासारखा पिठ्या ढेकूण नाहीतर मावा सापडतो. हे किडे रस शोषून गोड चिकटा सोडतात, मुंग्या त्यासाठी जातात. दोनचार शेंडेच लागले असतील तर दुसऱ्या दिवशी पाण्याची जोरदार धार आणि साबणाचं पातळ पाणी पुरतं.

गुलाबाच्या पानांना कडेने गोल, कंपासने काढल्यासारखे काप दिसले तर घाबरू नका. ते पानकापी मधमाशीचं काम. ती ते तुकडे खात नाही, घरट्याला अस्तर लावायला नेते. धीर धरलात तर दिसेलही: पानाच्या कडेवर बसते, जबड्याने कापत गोल फिरते आणि हिरवा तुकडा पोटाखाली धरून उडते. झाडाला याने काही होत नाही, फवारणी मात्र तिच्या जिवावर बेतते.

सातच्या सुमारास शिंजीर येतो. जास्वंदीत तो समोरून तोंड घालत नाही. देठाजवळ चोच खुपसून मध ओढतो. फुलाच्या बुडाशी बारीक भोक दिसलं तर कीड समजू नका.

ऊन चढलं की ऑफिस टाइमची फुलं उघडतात, आपल्याकडे काहीजण त्याला चिनी गुलाब म्हणतात. उघडलेल्या फुलातल्या पिवळ्या केसरांना उदबत्तीच्या काडीचं टोक अगदी हलकं लावा आणि थांबा. केसर हलतात, एका बाजूला झुकतात. मधमाशी आत शिरते तेव्हाही हेच होतं आणि पराग तिच्या अंगाला लागतात. नातवंडं जवळ असतील तर त्यांना हे दाखवाच.

बारा ते तीन

या वेळी बाहेर बसू नका, दर तासाला पाच मिनिटांची चक्कर पुरे. डोक्यावर काहीतरी घ्या.

पहिलं काम, ऊन नेमकं कुठे पडतंय ते बघणं. मेच्या मध्यावर पुण्यामुंबईकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, कुंडीची सावली कुंडीखालीच. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून हिवाळ्यात ज्या उत्तरेच्या गॅलरीत ऊन शिवत नव्हतं, तिथली सावलीतली झाडं मेअखेरीस अचानक करपायला लागतात. दर तासाला उन्हाची कड खडूने जमिनीवर आखून ठेवा. हिरवी जाळी कुठे बांधायची ते त्या रेघाच सांगतील.

कुंडीच्या अंगाला तळवा लावा. पश्चिमेकडून तापलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी हाताला चटका देते आणि मुळं नेमकी त्या कडेलाच चिकटून असतात. अशा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, बाहेरच्या बाजूला गोणपाट गुंडाळावं, मातीवर वाळक्या पाल्याचा दोन बोटं जाड थर द्यावा.

आता लोंबणारी पानं. उन्हात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडून जातं की माती ओली असूनही मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. मोठ्या, पातळ पानांची झाडं मग मान टाकतात. काडी मातीत चार बोटं खुपसा, मिनिटभराने बाहेर काढा. ओलसर माती चिकटून आली तर त्या झाडाला पाणी नको, सावली हवी. काडी कोरडी ठणठणीत निघाली तर मात्र संध्याकाळची वाट पाहू नका. पाइपातलं तापलेलं पाणी आधी बाजूला सोडून द्या आणि मग गार पाणी हळूहळू मातीत मुरू द्या. ते लगेच खालच्या भोकातून पळून गेलं तर माती आक्रसून कडेला भेग पडलीय असं समजा. तशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी.

निस्तेज, धूळ बसल्यासारख्या पानांखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालू लागले तर ती कोळी कीड, जाळं विणणारा मोठा कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारे टाचणीच्या टोकाएवढे जीव. कोरड्या, तापलेल्या हवेत ते झपाट्याने वाढतात. पानांच्या खालच्या बाजूला चारपाच दिवस सकाळी पाण्याचा फवारा दिला की कमी होतात.

साडेतीनपासून दिवेलागणीपर्यंत

मला दिवसातली ही वेळ सगळ्यात आवडते.

मोगऱ्याजवळ बसा. आज उमलणारी कळी ओळखायला शिका: टपोरी, पूर्ण पांढरी, किंचित चमकदार. बुडाशी हिरवट झाक असेल तर ती उद्यापरवाची; आज खुडलीत तर गजऱ्यात मिटलेलीच राहील. माझी आई चारला कळ्या खुडायची, ओल्या फडक्यात ठेवायची, आणि सातला वेणीत माळताना त्या उमलू लागलेल्या असायच्या. बहर ओसरल्यावर शेंडे दोनतीन पेरं छाटले की नवी फूट येते आणि कळ्या नव्या फुटीवरच धरतात. मोगरा फुलत नाही म्हणणाऱ्यांच्या झाडावर मी बहुतेकदा जुन्या लांबलचक फांद्याच पाहिल्यात.

गुलबक्षी साधारण चारनंतर उघडते, ढगाळ दिवशी थोडी आधी. एकच कळी ठरवून बघत राहा, घट्ट पीळ सैल होतो आणि फूल पसरतं. वेळ वहीत लिहा. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५१ साली फुलांच्या उमलण्यामिटण्यावरून घड्याळ मांडण्याची कल्पना लिहून ठेवली होती. आपल्या बागेत ते ऑफिस टाइम, गुलबक्षी, मोगरा आणि रातराणी अशा चार झाडांवर बसतं.

सहाच्या सुमारास दुपारी माना टाकलेल्या झाडांकडे परत जा. जी सावरली त्यांच्यापुढे बरोबरची खूण करा.

अंधार पडल्यावर

अंगणातला दिवा बंद करा आणि दहा मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. पांढऱ्या फुलांचा वास आता का दाटतो ते समजेल: त्यांचे पाहुणे रात्रीचे असतात. लाल कागदातून बॅटरी लावा, पतंगांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. रातराणीशी किंवा गुलबक्षीशी हवेतच थांबून, लांब सोंड आत घालून मध पिणारा जाडसर पतंग दिसला की श्वाससुद्धा हळू घ्या. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा पक्षीच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे

वही घेऊन पुन्हा एक फेरी मारा. रात्रभरानंतरही जे झाड मलूल आहे त्याची माती काडीने तपासा. कोरडी असेल तर पाणी. ओली असूनही झाड मान वर करत नसेल तर मुळांत बिघाड आहे. पाणी थांबवा, खालचं भोक बुजलंय का बघा, कुंडी सावलीत न्या. माझ्या वहीत त्या उन्हाळ्यात हे पान असतं तर आईची जास्वंद वाचली असती. तिच्याच झाडाची दुसरी फांदी मी पुढच्या पावसाळ्यात आणली. ती आता गच्चीच्या कठड्याच्या वर गेलीय, दुपारी अजूनही मान टाकते, आणि मी चहा घेऊन सहा वाजायची वाट बघते.